पेवात पडलेली शेळी

जनावरानं माणसाचा जीव वाचवला अशी गोष्ट कोणी सांगू लागलं, की मी आधी एवढंच विचारते: तिथे तेव्हा आणखी कोण कोण उभं होतं? सांगणाऱ्याला राग येतो. कुत्र्यानं साप अडवला, बैलानं पुरात पाय टाकला नाही, घोडा मालकाला घेऊन घरी आला, या गोष्टी लोकांना अशाच आवडतात, मध्ये कुणी शंका काढलेली खपत नाही. पण माझा नाइलाज आहे. शंका मला आईच्या दुधातूनच मिळाली आहे. शिवाय आमच्या घरातही अशी एक गोष्ट होती, आणि ती गोष्ट आहे की कारस्थान, यावर दोन घरं वर्षानुवर्षं भांडत राहिली.

आमचं गाव संग्रामपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची ही गोष्ट. बाबा आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, वेगळे निघाले होते. वावर वाटलं, बैल वाटले, घरात मधोमध कुडाची भिंत घातली. फक्त एक गोष्ट वाटता आली नाही, ती म्हणजे पेव. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी. वर तोंड एवढं अरुंद की एकच माणूस हात वर करून उतरेल, आणि आत गेलं की खोलीएवढी जागा. आजोबांनी गावाबाहेरच्या पांढरीत, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेत, ते खणून घेतलं होतं. सगळ्या बाजूंनी कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगडी फरशी ठेवून वरून मातीनं लिंपायचं आणि कडब्यानं झाकायचं. अशी ज्वारी पावसाळाभर टिकायची. कुडानं भिंत होते, पण जमिनीतल्या खड्ड्याची भिंत कशी करणार? म्हणून दोन्ही भावांची ज्वारी त्यात एकत्र पडायची आणि पेव उघडलं की टोपल्यांनी निम्मी निम्मी व्हायची.

आता दोन घरांचं धान्य एका खड्ड्यात, आणि दोन्ही घरं एकमेकांना पाण्यात पाहणारी. मग मायनं आणि मोठीमायनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, एक रीत काढली. फरशीवरची माती ओली असतानाच दोघी जावांनी आपापला उजवा पंजा तिच्यात उठवायचा. उघडायच्या दिवशी दोघींनी यायचं, वरचा कडबा बाजूला करायचा आणि आपापला पंजा ठशात बसवून पाहायचा. बसला तर पेवाला कोणी हात लावला नाही. मायची करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसलेली, त्यामुळे तिच्या पंजाची नक्कल कोणाला जमणार नव्हती. मोठीमायचा पंजा साधा. म्हणून ती शेजारी आपल्या बांगडीची कड दाबून ठेवायची. मायला त्या बांगडीचाही संशय होता. तसल्या बांगड्या शेगावच्या बाजारात ढिगानं मिळतात, म्हणे.

माझ्या मायबद्दल एक सांगून ठेवते. मोठीमाय कुठेही जायला उठली, की मायची मान तिच्या पाठीमागे वळायची. पाणी आणायला गेली तरी, देवळात गेली तरी. ती दिसेनाशी होईपर्यंत माय बघायची आणि मग म्हणायची, "पाय कसे टाकते पाहा." पायांत मला कधी काही दिसलं नाही. मायला मात्र दिसायचं.

मोठीमायची एक शेळी होती. काळीभोर, एक कान पांढरा. मायच्या मते ती शिकवून तयार केलेली शेळी होती. मोठीमायच्या अंगणातल्या वाळवणाला तोंड लावायची नाही, आमचीच कुरडई खायची. खरी गोष्ट अशी, की मोठीमाय वाळवण खाटेवर घालायची आणि माय जमिनीवर. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर मी कोणत्या घरचं खाते असं मायनं मला विचारलं. त्या वर्षी शेळी नुकतीच व्याली होती, दोन पिल्लं होती. मोठीमायचा सगळा जीव तिच्यावर. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं, हे त्यामागचं कारण गावात सगळे जाणून होते.

पेवात आणखी एक धोका असतो, आणि तो चोरीपेक्षा मोठा. बंद पेवात ज्वारी उबते, ओल गेली असेल तर आंबते, आणि आत एक वाफ साठते. ती दिसत नाही. माणूस उतरला की भोवळ येऊन पडतो आणि पुन्हा उठत नाही. त्याला काढायला उतरणाराही पडतो. आमच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावाला असा एखादा माणूस माहीत असायचा. म्हणून आजोबांचा नियम होता, की पेव उघडलं की एक रात्र तसंच राहू द्यायचं, दुसऱ्या दिवशी दोरीनं कंदील सोडून पाहायचा, आणि तो जळत राहिला तरच उतरायचं. भाऊ वेगळे झाल्यावर हा नियम मोडला. उघडं पेव रात्रभर ठेवायचं म्हणजे राखण कोणी करायची? मोठेबाबांनी केली तर आमच्या मायला झोप येणार नाही, बाबांनी केली तर मोठेबाबांना. दोघांनी मिळून करावी, तर राखणदारांवर राखण कोण ठेवणार? म्हणून सकाळी लवकर उघडायचं, दिवस कलेपर्यंत हवा लागू द्यायची आणि त्याच दिवशी उपसून, वाटून मोकळं व्हायचं, अशी नवी रीत पडली. दोन-तीन वर्षं ती खपलीही.

त्या वर्षी खाली उतरायची पाळी बाबांची होती.

सकाळी सगळे पांढरीत जमलो. मी आणि माझी बहीण रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसलो होतो. कडबा काढला आणि मायनं पंजा ठेवायला हात पुढे केला, तर ठशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेलेली. करंगळीची जागाच फुटली होती. झालं. माय म्हणाली, पेव उघडलेलं आहे. मोठेबाबा म्हणाले, माती वाळली की तडकतेच. माय म्हणाली, मग बांगडीशेजारची का नाही तडकली? मोठेबाबांनी विचारलं, तू आम्हाला चोर म्हणतेस का? मायनं उत्तर दिलं, की मी कोणाचं नाव घेतलेलं नाही, चोराच्या मनात चांदणं. मग गावातली चार शहाणी माणसं बोलावली. त्यांनी चीर पाहिली, बोटानं खरवडली, तंबाखू मळली आणि दोन्ही बाजूंना बरं वाटेल असं काहीतरी बोलून निघून गेली. या सगळ्यात सूर्य माथ्यावरून कलला. फरशी उचलली तेव्हा दुपार उलटून गेली होती.

फरशी उचलताच आतून आंबूस वास आला. मोठ्या पावसात कुठूनतरी पाणी मुरलं असावं. मोठीमाय तोंडापाशी वाकली, वास घेतला आणि मागे सरली. ती फारशी बोलणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी बाबांकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, आज उतरू नका. राहू द्या उघडं उद्यापर्यंत."

याच्याइतकं संशयास्पद वाक्य आमच्या मायनं जन्मात ऐकलं नसेल. ठसा फुटलेला, पेव उघडं, आणि वर म्हणतात रात्रभर राहू द्या! ती बाबांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "सकाळी जाऊन पाहा मंग, कडबा तेवढा राह्यलेला असन." ते मोठीमायलाही ऐकू गेलं. मोठेबाबा म्हणाले, पुन्हा लिंपून टाकू. त्यावर मायचं म्हणणं, ओली माती रात्रभर ओलीच राहते, तिच्यात पंजा काय, गाढवाचं खूरही उठवता येतं.

शेवटी कंदील तरी सोडून पाहावा असं ठरलं. कंदील मोठीमायनं आणलेला. मोठेबाबांनी दोरीनं खाली सोडला. तो निम्म्यावर गेला नसेल, तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. कोणीही समजावं अशी खूण होती. पण बाबांनी कंदील वर ओढला, कानापाशी धरून हलवला आणि मोठेबाबांकडे पाहिलं. आत तेल जेमतेम होतं.

"बिनतेलाचा कंदील आणला," बाबा म्हणाले, "आन म्हणता वाफ आहे."

बाबा एरवी मायसारखे नव्हते. मोठ्या भावाला उलट उत्तर द्यायचे नाहीत. पण सकाळपासूनच्या त्या भांडणानं त्यांचंही डोकं फिरलं होतं, आणि मला वाटतं, वाफेपेक्षा भावाच्या हातून उल्लू बनण्याची त्यांना जास्त भीती वाटत होती. मोठीमाय म्हणाली, मी घरून तेल आणते. ती निघाली आणि मायची मान तिच्या मागे वळली. पण बाबा तेलासाठी थांबले नाहीत. त्यांनी सदरा काढला आणि कमरेला दोर बांधायला घेतला. दोर धरायचा मोठेबाबांनी, आणि मोठेबाबांच्या मागे तोच दोर मायनं धरायचा, अशीही आमची रीत होती. कारण दोर सुटला तर? असं माय म्हणायची.

बाबा पेवाच्या तोंडावर पाय सोडून बसले. मला त्यांची पाठ आठवते. घामानं चमकत होती आणि मधोमध एक तीळ होता. ते आता खाली जातील आणि मग टोपली भरून वर येईल, एवढंच माझ्या मनात होतं. तेवढ्यात मोठीमाय परत आली. लगबगीनं आली, धापा टाकत. तिच्या मागोमाग शेळी. तिला दाण्यांचा वास आला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. शेळी सरळ तोंडापाशी घुसली, बाबांनी "हाड्" म्हणत पाय वर घेतले, मोठेबाबा दोर सावरत पुढे झाले, मायही झाली, मोठीमायही होतीच. सगळ्यांचे हात आणि लुगडी एका जागी आली, धूळ उडाली आणि शेळी आत पडली.

ज्वारीवर पडली, त्यामुळे तिला फारसं लागलं नसावं. दोनदा ओरडली. उठून उभी राहिली. मग पुढचे पाय दुमडले, मागचे झाडले, आणि ती आडवी झाली. बाबा नुसतं बोट दाखवत होते. वरून उजेडाचा जो गोल पडला होता त्यात तिचा पांढरा कान दिसत होता. तो एकदा हलला आणि मग हलला नाही. मोठेबाबांनी बाबांच्या काखेत हात घालून त्यांना ओढून मागे घेतलं आणि दोघे भाऊ तसेच जमिनीवर बसून राहिले. मी रडायला लागले. माझा बाप आता त्या शेळीच्या जागी असता, हे मला तेव्हा कळलं.

पेव तसंच उघडं राहिलं. ज्याला एक रात्र उघडं ठेवायला कोणी तयार नव्हतं, ते आता चांगले तीन-चार दिवस उघडं होतं, राखणीला कोणी नव्हतं, आणि एक दाणाही कोणी नेला नाही. भीतीच तशी बसली होती. मग कंदील नीट जळाला, आकड्यानं शेळी वर काढली, वरची ज्वारी फेकून दिली आणि उरलेली वाटून घेतली.

गावातले लोक म्हणू लागले, मुक्या जनावरानं माणूस वाचवला. एका म्हाताऱ्यानं तर पेवापाशी दगड मांडून शेंदूर लावायची भाषा केली. आमच्या घरात मात्र दुसराच विचार चालला होता. माय म्हणाली, शेळी कधी आपणहून खड्ड्यात उडी घेते का? डोंगराच्या कडेवर चरणारं जनावर ते. ती टाकली. कशाला टाकली? आपल्या वाट्याची ज्वारी नासवायला. त्यांना रात्री उपसायला मिळालं नाही, म्हणून त्यात जनावर टाकलं. कुडाच्या भिंतीपलीकडून मोठेबाबांचा आवाज यायचा, की आमच्या शेळीला हिनंच ढकललं, पहिल्यापासून तिच्यावर डोळा होता हिचा, आपला नवरा वाचवायला दुसऱ्याचं जनावर मारलं. मायला हे ऐकून संताप यायचा. मला मात्र एकदा वाटून गेलं, की ढकललं असेल तर बरंच केलं. मोठीमाय कधी काही बोलली नाही. तिच्या अंगणातून फक्त पिल्लांचं ओरडणं यायचं.

पेव बुजवलं. ज्यानं त्यानं आपलं धान्य पोत्यांत भरलं. बाबांनी मोठेबाबांच्या घरचं पाणीसुद्धा सोडलं. सणावाराला जायचे, उंबऱ्याच्या आत बसायचे, पण चहा पुढे आला की म्हणायचे, आत्ताच घेतला. मायनं त्यांना बजावून ठेवलं होतं, की जे शेळी टाकतात ते कपात काय टाकतील सांगता येत नाही. हे असं कितीतरी वर्षं चाललं. माझं लग्न झालं, मी लोणारकडे नांदायला गेले, बहिणीचं झालं, बाबांचे केस पांढरे झाले. नातवंडं त्यांच्या पाठीवर चढून तो तीळ दाबायची.

मग मोठेबाबा गेले. तेरवीला मी एसटीनं आले. जेवणं आटोपली, माणसं पांगली, आणि आम्ही घरचेच तेवढे मोठीमायच्या अंगणात उरलो. कोपऱ्यात शेळ्या बांधल्या होत्या. त्यांतल्या एकीचा कान पांढरा होता. मायची नजर नेमकी तिथे गेली. अशा दिवशी तरी गप्प बसावं, पण तिला ते जमलं नाही.

"वाण टिकवला जाऊबाई," माय म्हणाली. "एक टाकली आमच्या जवारीवर, तरी."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. मोठीमायनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"हो, टाकली," ती म्हणाली. "म्याच टाकली."

मायनं बाबांकडे असं पाहिलं, की एवढी वर्षं मी काय सांगत होते. पण मोठीमायचं बोलणं संपलं नव्हतं.

"वास आला तवाच समजलं होतं मले. माहा भाऊ असाच गेला, माहेरच्या पेवात. तेल आणाले गेली, पण तेलानं काय होणार होतं? दुसरा कंदील विझला असता, तर तुम्ही म्हटलं असतं वात खराब आहे. मंग तिचं दावं सोडलं. वाटेनं मुठीतले दाणे दाखवत आणली." तिनं कोपऱ्यातल्या शेळ्यांकडे पाहिलं. "पिल्लाइले बोटानं दूध पाजलं मंग. एक वाचलं."

आम्ही सगळे त्या पांढऱ्या कानाच्या शेळीकडे पाहत होतो. पहिल्यांदा माय बोलली, आणि तीही जुन्याच सुरात.

"मंग तवा सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं होतं," मोठीमाय म्हणाली. "भाऊजी, आज उतरू नका, म्हटलं होतं."

नंतर का सांगितलं नाही, हे मी विचारलं. मोठीमाय म्हणाली, घरधन्याला शेळीचं फार लागलं होतं, आणि तुमच्या घरी सांगितलं असतं तर म्हणाले असते, आता उपकार लादते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला लाज वाटली, आणि त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही.

बाबा इतका वेळ खाली मान घालून बसले होते. जिवंत होते, म्हातारे झाले होते, दोन मुलींचे संसार पाहून झाले होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"वयनी," ते म्हणाले, "चहा ठेवा."

मोठीमाय उठली. चहा अर्थात शेळीच्या दुधाचा. त्या दुधाचा वास बाबांना कधी सहन व्हायचा नाही. घरात कोणी आजारी असलं आणि शेळीचं दूध आणलं, तर ते बाहेर जाऊन बसायचे. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि तळापर्यंत प्यायले. मायनं आपला कप आधी नाकापाशी नेला, वास घेतला, तिरप्या नजरेनं बाबांचा कप रिकामा होताना पाहिला आणि मग एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," माय म्हणाली.

"आणते," म्हणत मोठीमाय घरात गेली. माय कपाकडे बघत बसली होती. तिनं मान वळवली नाही.